आखाडा, आसन आणि एक हरलेली कुस्ती

काही वर्षांपूर्वी माझी एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा नायक पैलवान होता. पाथरी तालुक्यातल्या एका खेड्यात वाढलेला, घरी दोन वेळच्या भाकरीची भ्रांत, आणि तरीही तालमीच्या मातीशी इमान राखणारा असा तो गडी मी मोठ्या प्रेमाने रंगवला होता. शेवटच्या प्रकरणात जत्रेचा फड, हलगीचा कडकडाट, झाडांवर चढून बसलेली पोरे, आणि माझ्या नायकाने एका नामांकित मल्लाला दाखवलेले अस्मान! ते प्रकरण लिहून झाले त्या रात्री कुस्ती मीच मारली अशा थाटात मी पाठ टेकली.

पुस्तकाची परीक्षणे बरी आली. परंतु खरे परीक्षण आले ते आमच्या गावच्या तालमीतून. तिथल्या म्हाताऱ्या वस्तादांना अक्षरओळख बेताचीच. त्यांच्या नातवाने रोज रात्री एकेक प्रकरण त्यांना वाचून दाखवले होते. पुस्तक संपल्याचे कळताच मी मुद्दाम भेटायला गेलो. कोणता लेखक जाणार नाही? वस्ताद तालमीच्या ओट्यावर बसले होते. चहा आला, पावसापाण्याच्या गोष्टी झाल्या, आणि मग ते म्हणाले, "गुर्जी, गडी झकास उभा केलाव. पर शेवटाला त्यो जितला. मंग शिकला काय?"

मी हसून वेळ मारून नेली. पण घरी येईपर्यंत तो प्रश्न माझ्या मानेवर हप्त्यासारखा बसला होता. गेली काही वर्षे मी जे वाचत आलो ते त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी. टीकाकार म्हणून माझा काही अधिकार नाही. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि उमेदीची वर्षे गेली ती पोरांच्या वह्या तपासण्यात. तेव्हा या लेखातले विवेचन एखाद्या पंडिताचे न समजता, आपल्याच पुस्तकात चूक सापडलेल्या एका मास्तराचे समजावे.

प्रश्न साधा आहे. शरीर कमावण्याची विद्या आणि मन स्थिर करण्याची विद्या यांचा संबंध काय? बळाच्या उपासनेतून माणूस आतून वाढतो का? आणि वाढत असेल तर आपल्या मराठी साहित्याने ती वाढ कुठे नीट दाखवली आहे? आपल्या पुस्तकांच्या कपाटात या दोन विद्यांचे कप्पे वेगळे आहेत. एका कप्प्यात जोर, बैठका, मल्लखांब आणि खुराकाची पुस्तके. दुसऱ्यात पोथ्या, अभंग आणि ध्यानधारणेचे ग्रंथ. आखाड्याचा माणूस आसनावर कसा येऊन बसतो, हे सांगणारी पाने मात्र फार थोडी. मला सापडलेले त्यातले सर्वांत चांगले पान एका अशा ग्रंथात आहे, की जो घरोघरी पाटावर ठेवून वाचला जातो, आणि म्हणूनच की काय, साहित्य म्हणून क्वचितच वाचला जातो. तो ग्रंथ म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोळकरांचे 'श्रीसाईसच्चरित'.

पाथरीकडचा माणूस साईबाबांचे नाव काढतो आहे म्हटल्यावर काही वाचक सावध होतील. २०२० सालच्या जानेवारीत पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा झाली, 'जन्मस्थान' या एका शब्दावरून वादळ उठले आणि शिर्डीत बंद पाळला गेला, हे अनेकांना आठवत असेल. त्या वादात मला शिरायचे नाही. बाबा कुठे जन्मले यावर आपण एवढे भांडलो. पण ते एकदा पडले होते, आणि पडून उठल्यावर त्यांनी काय केले, हे पोथीत स्वच्छ लिहिले असताना त्यावर कोणी दोन शब्द बोलल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मला बोलायचे आहे ते त्या पडण्याविषयी.

दाभोळकर सरकारी नोकरीत मॅजिस्ट्रेट होते. १९१० साली ते प्रथम शिर्डीला गेले. त्यांचा ग्रंथ ओवीबद्ध, ५३ अध्यायांचा, नऊ हजारांहून अधिक ओव्यांचा. १९२९ साली ते वारले आणि पुढच्या वर्षी ग्रंथ छापून बाहेर आला. त्याचा पाचवा अध्याय उघडावा. त्यात तरुण बाबांचे जे चित्र येते ते आपल्या घरातल्या तसबिरीशी जुळणारे नाही. डोक्यावर वाढवलेले केस आणि अंगावर पैलवानी पोशाख. राहात्याहून फुलझाडांची रोपे आणावीत, उजाड जागेत लावावीत, विहिरीचे पाणी शेंदून खांद्यावरून घागरी वाहाव्यात, हा त्यांचा नेम. या घागरी कच्च्या, न भाजलेल्या मातीच्या. दिवसभर पाणी वाहून संध्याकाळी त्या निंबाखाली ठेवायच्या, त्या फुटून जायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नव्या. असा क्रम तीन वर्षे चालला असे पोथी सांगते.

मग येते ती कुस्ती. मोहिद्दीन तांबोळी नावाचा एक पैलवान शिर्डीत होता. त्याचा आणि बाबांचा काही बेबनाव झाला, दोघांची कुस्ती लागली, आणि बाबा हरले. त्यानंतर त्यांचा पोशाख बदलला, राहणी बदलली. अंगात कफनी, कमरेला लंगोट, डोक्याला फडके, बसायला तरटाचा तुकडा आणि निजायलाही तरटच. दारिद्र्य हेच खरे वैभव, ही त्यांची धारणा दाभोळकर इथेच सांगतात.

लेखक म्हणून मी हा मजकूर किती वेळा वाचला असेल याची गणती नाही. माझ्या कादंबरीत शेवटची कुस्ती सतरा पाने चालते. दाभोळकर ती ओव्यांच्या चिमटीत आटोपतात. कोणी कोणता डाव टाकला, पट काढला की ढाक लावली, यातले काहीही नाही. ग्रंथकर्ता भक्त आहे, ज्याची कथा सांगतो आहे त्याला तो देव मानतो, आणि तरीही तो देव हरला असे सरळ लिहितो. 'लीलेने हरले' अशी सारवासारव करणे भक्ताच्या लेखणीला किती सोपे होते! ती त्यांनी केली नाही, याला मी वाङ्मयीन प्रामाणिकपणा म्हणतो. पराभव सांगून झाल्याबरोबर ते मनातल्या खळबळीचे वर्णन करीत बसत नाहीत. ते कपड्यांचे वर्णन करतात. मन बदलले हे सांगण्यासाठी त्यांनी कफनी, फडके आणि तरट दाखवले. आम्ही कादंबरीकार जिथे दोन पाने मनोविश्लेषण लिहिले असते, तिथे या मॅजिस्ट्रेटने पुराव्याच्या वस्तू मांडाव्यात तशा तीन वस्तू समोर ठेवल्या.

आणि त्या वस्तूंमधला लंगोट पाहावा. पैलवानी बाणा गेला, पण लंगोट राहिला. तो पैलवानाचाही असतो आणि बैराग्याचाही. दाभोळकरांनी तो मुद्दाम अर्थ भरून ठेवला असे मी म्हणत नाही. पण चांगल्या लेखनात लेखकाने न योजलेला अर्थही येऊन बसतो. मला तरी तिथे असे दिसते की आखाड्यात मिळवलेले सगळेच टाकून द्यायचे नव्हते. शरीराचा निग्रह, कमी गरजांची सवय, पहाटेची जाग, हे कफनीच्या आत राहिले. गेली ती शड्डू ठोकण्याची हौस.

ग्रंथाची उणीवही सांगितली पाहिजे, नाहीतर ही टीका न राहता आरती होईल. बेबनाव कशावरून झाला हे दाभोळकर उलगडीत नाहीत. जिंकलेल्या मोहिद्दीनचे त्या संध्याकाळी काय झाले, हे तर तिथे विचारलेलेच नाही. हरलेला माणूस संतपदाला पोचला. जिंकलेला कुठे पोचला? माझ्या वस्तादांचा प्रश्न खरे तर त्या मोहिद्दीनलाच विचारायचा होता. पोथीला त्याची गरज वाटली नाही, पण कादंबरीला वाटायला हवी.

तर मग आंतरिक वाढीची वाट पराभवातूनच जाते असे समजावे काय? तसे म्हणणे सोपे आहे, आणि दाभोळकरांनीच त्याला लगेच आळा घातला आहे. त्याच प्रसंगाला लागून ते पुणतांब्याच्या गंगागीरबुवांची हकीकत सांगतात. गंगागीरांनाही कुस्तीचा मोठा नाद. एकदा कुस्ती चालू असतानाच त्यांच्या मनात तसाच पालट झाला, आणि देह झिजवायचाच तर देवाशी खेळून झिजवावा अशा अर्थाची एका सिद्धाची वाणी त्यांच्या कानी आली. त्यांनी संसार सोडला आणि नदीकाठी मठ स्थापला. इथे हारजीत सांगितलेलीच नाही. दोन कुस्त्या शेजारी शेजारी ठेवून ग्रंथकर्त्याने आपल्याला एवढे कळवले, की वळण हारण्याने किंवा जिंकण्याने येत नाही. खेळणारा माणूस खेळता खेळता 'हे कशासाठी?' असे स्वतःला विचारतो, तिथे ते येते. पडल्यावर तो प्रश्न लवकर ऐकू येतो, इतकेच. जिंकल्यावर हलगीच्या आवाजात तो बुडून जातो.

बळ आणि भक्ती म्हटले की मराठी माणसाला आठवतात समर्थ रामदास. त्यांचे जन्मगाव जांब हे आता जालना जिल्ह्यात, म्हणजे आमच्या शेजारातच आहे. १६०८ सालचा त्यांचा जन्म. नाशिकजवळच्या टाकळीला त्यांनी बारा वर्षे तप केले. नदीच्या पाण्यात उभे राहून जप आणि त्याच्या जोडीला रोज बाराशे सूर्यनमस्कार, असे परंपरा सांगते. पुढे त्यांनी गावोगावी मारुती स्थापले आणि त्या मारुतीच्या साक्षीने तालमी घुमू लागल्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात आम्ही मास्तर मंडळी समर्थांवर भाषणे करतो, त्यात मारुतीचे दंडच तेवढे दिसतात. पण चाफळला जाऊन आलेल्या वाचकांना आठवेल, तिथे मारुती दोन आहेत. एक रामासमोर हात जोडून उभा असलेला दास मारुती, आणि दुसरा मंदिरामागचा प्रताप मारुती. स्थापना करणारा एकच, देव एकच. प्रतापाला पाठीमागे जागा मिळाली आणि दास्याला समोर. 'दासबोधा'च्या ७,७५१ ओव्यांवर भाष्य करणाऱ्या आम्हा व्याख्यात्यांनी या दोन मूर्तींपुढे क्षणभर गप्प उभे राहावे. बळ हे ज्याच्यापुढे हात जोडता येतील असे काही असेल तरच शोभते, हे तिथे दगडात सांगितलेले आहे.

आता अलीकडचे, छापील गद्याच्या काळातले एक उदाहरण घेऊ. जगन्नाथ गणेश गुणे नावाचा तरुण १९०७ ते १९१० या काळात बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरात देशी व्यायाम शिकला. पुढे अमळनेरला शिक्षणाच्या कामात पडला. १९१९ साली त्याला मालसरचे परमहंस माधवदासजी भेटले आणि आखाड्यातला हा शिष्य योगाकडे वळला. हेच स्वामी कुवलयानंद. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. उड्डियान किंवा नौली करताना पोटातल्या दाबाचे काय होते, हे त्यांनी यंत्रे लावून मोजले आणि क्ष-किरणांनी पाहिले. इथे पराभव नाही, आकाशवाणी नाही, वैराग्याचा झटका नाही. आखाड्यात शरीर कळले, मग श्वास कळावा असे वाटले, आणि श्वासाच्या मागे मन आलेच. त्यांच्या लेखनात पोथीची गोडी शोधू नये. ती त्यांनी देऊ केलेलीच नाही. मात्र ज्यांना साक्षात्काराच्या कथांनी गुदमरायला होते, त्यांना ही वाट मोकळ्या हवेची वाटेल. तीही वाट आखाड्यातूनच निघाली आहे, हे विसरू नये.

इथवर सगळे गोड झाले. दिवाळीच्या फराळात एखादा तिखट पदार्थ हवाच, म्हणून आता एका परदेशी पुस्तकाकडे वळतो. शस्त्रविद्या आणि ध्यान यांच्या नात्यावर जगभर सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक बहुधा ऑयगेन हेरिगेल या जर्मन प्राध्यापकाचे असेल. १९२४ ते १९२९ या काळात तो जपानात सेंदाईला तत्त्वज्ञान शिकवीत होता, आणि आवा केन्झो या गुरूकडे धनुर्विद्या शिकत होता. १९४८ साली त्याचे झेन आणि धनुर्विद्येवरचे पुस्तक निघाले. बाण आपण सोडायचा नसतो, तो आपोआप सुटला पाहिजे, ही त्यातली शिकवण. एका रात्री गुरूने अंधारात दोन बाण सोडले आणि दुसऱ्याने पहिल्याचा दांडा चिरला, हा त्यातला कळसाचा प्रसंग. पुस्तक सुंदर आहे, छोटे आहे, आणि मी ते मिळवून वाचले तेव्हा भारावून गेलो.

पण भारावणे उतरल्यावर दोन गोष्टी कळल्या. जपानी अभ्यासक शोजी यामादा यांनी २००१ साली दाखवून दिले की हेरिगेलला जपानी भाषा पुरेशी येत नव्हती, आणि गुरूच्या बोलण्यातून त्याने काढलेला गूढ अर्थ बराचसा भाषेच्या फटीतून आत शिरलेला होता. हे एक वेळ चालेल. दुसरी गोष्ट मात्र अशी की मायदेशी परतलेला हा 'मीपणा विसरलेला' धनुर्धर १९३७ साली नाझी पक्षाचा सभासद झाला, आणि १९४४ साली, त्याच राजवटीत, एर्लांगेन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. बाण आपोआप सुटू लागला होता. पण तो कोणाच्या धनुष्यावर लागला आहे हे पाहायला ती एकाग्रता उपयोगी पडली नाही. त्याच्या पुस्तकात हे शोधू नका, सापडणार नाही. ते पुस्तक अचूक नेमावर संपते, आणि माझी कादंबरी चितपटीवर. आम्हा दोघांची चूक एकच होती, असे मला वाटते. विद्या साधली तिथे आम्ही पुस्तक मिटले. पुढची पहाट आम्ही लिहिलीच नाही.

म्हणून अशा विषयावरचे कोणतेही लेखन पारखताना मी आता एकच कसोटी लावतो. मन किती एकाग्र झाले हे मी विचारत नाही. नेमबाजाचे मन एकाग्र असते आणि निवडणुकीत पैशासाठी दंड दाखवीत फिरणाऱ्या गड्याचेही, घटकाभर, असते. मी विचारतो ते असे, की फड उठल्यावर, दुसऱ्या दिवशी, त्या माणसाच्या हातांनी काय केले? दाभोळकरांची पोथी या कसोटीला उतरते. तिच्या पहिल्याच अध्यायात बाबा दिसतात ते जाते मांडून गहू दळताना. एकेकाळचे पैलवानाचे दंड खुंटा फिरवीत आहेत! आम्हा परभणीकरांना यात नवल वाटायचे कारण नाही. गंगाखेडच्या जनाबाईने दळणकांडणाला देव जोडून घेतला त्याला सातशे वर्षे होऊन गेली. जिने कधी आखाडा पाहिला नसेल, तिच्या दंडांनी तेच काम केले. दळताना शरीर राबते, लय लागते, आणि शेवटी पीठ दुसऱ्याच्या कामी येते. शेवटची गोष्ट महत्त्वाची.

गेल्या वर्षीची एक हकीकत सांगून हा लेख पुरा करतो. आमच्या शाळेतला नववीचा एक मुलगा जत्रेत हरला. कुस्ती नारळाची होती, इनामाची नव्हती; पण मामाच्या गावात, सगळ्या भावकीसमोर, मिनिटभरात पाठ टेकली. पोरगा चार दिवस शाळेत आला नाही. मी घरी गेलो आणि मास्तर जे बोलतात ते बोललो, की अपयश ही यशाची पायरी आहे, पुढच्या वर्षी तूच मारशील. त्याने मान खाली घातली, आणि 'हो गुरुजी' म्हणाला. माझी कादंबरी मी त्याला तोंडी ऐकवून आलो होतो.

वस्तादांनी असले काही केले नाही. त्यांनी निरोप धाडला, "त्याला म्हणावं, उद्या पहाटं फावडं घिऊन ये. हौदा उकरायचा हाय." पोरगा गेला. दोन दिवस त्याने एकट्याने हौदा खणला, ढेकळे फोडली, खडे वेचले. मग तेल, ताक, हळद, लिंबू घालून माती कालवली. तिसऱ्या दिवशी त्या मऊ मातीत दुसरी पोरे खेळली आणि हा कडेला उभा राहून पाहत होता. वस्ताद त्याला एवढेच म्हणाले, "कुणाला खडा लागला न्हाई बघ." मी ओट्यावर होतो. मुलाच्या चेहऱ्यावर जे आले त्याला समाधान म्हणावे की काय म्हणावे, मला शब्द सापडला नाही.

आता तो रोज पहाटे सर्वांत आधी जातो, मारुतीपुढे दिवा लावतो, हौदा उकरतो, आणि लढत आरंभण्यापूर्वी थोडा वेळ डोळे मिटून बसतो. ते बसणे त्याला कोणी शिकवले म्हणून विचारले, तर म्हणाला, "कुणी नाही गुरुजी. उकरून दमायला होतं, मग बसतो." यंदा जत्रेत तो जिंकला की हरला, हे सांगायचा मोह मी आवरतो आहे.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती अजून निघालेली नाही. निघालीच, तर सतरा पानांची कुस्ती मी तीन पानांत आणीन, आणि उरलेल्या चौदा पानांत दुसऱ्या दिवशीची पहाट लिहीन. माझा नायक त्या पहाटे फावडे घेऊन तालमीत जातो की नाही, हे मलाही लिहिल्याशिवाय कळणार नाही. वस्ताद अधूनमधून विचारतात, "गुर्जी, तुमचा गडी उठला का न्हाई अजून?" मी म्हणतो, उठतोय, वस्ताद.